कुसाबाईच्या नावाआधी

इंदूर,
१४ जून २००१

ति. सावळीराममामांस,
साधनाचा साष्टांग नमस्कार. मामींना पण सांगा.

तुमच्या महेशने पाठवलेला फोटो मिळाला. स्मारकाचा फोटो पाठव म्हटलं होतं, त्याने स्वतःचा पाठवला. मागे कुठेतरी स्मारकही आहे. केसांना तेल, खिशाला गॉगल आणि पाठीशी बुडून मेलेली अकरा माणसं. त्याला सांगा, मुली बघायला सुरुवात करायची असेल तर फोटोला दुसरी जागा शोध.

तरी मी भिंग घेऊन बसले आणि सगळी नावं वाचून काढली. नऊ वर्षांत मी माहेरी आले, पण त्या काठाकडे फिरकले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याची फुलं घेऊन निघालेली होडी जिथे उलटली, ते पाणी मला बघवत नाही. दगड बसवला तेव्हा दिशा पोटात होती, म्हणून तेव्हाही यायचं टळलं. म्हणजे आईचं नाव दगडावर कसं आहे हे मी आत्ता, इंदुरात, भिंगातून वाचलं.

वा! सौ. भागीबाई. गं.भा. ठमाबाई. श्री. हे आणि श्री. ते. चार वर्षांच्या गोरखला 'चि.'. बुडून गेलेल्या पोराला चिरंजीव लिहिणाऱ्या तुमच्या स्मारक समितीला माझा कोपरापासून नमस्कार. आणि सगळ्यात खाली माझी आई, नुसतीच 'कुसाबाई'. ना सौ., ना गं.भा., ना काही. गावात कोणाची कोण होती ते माहीत नाही, होडीत बसली होती म्हणून लिहून टाकलं, असं वाचणाऱ्याला वाटावं.

माझे वडील आम्हाला टाकून सुरतेला गेले, हे अख्ख्या घोडदरीला ठाऊक आहे. पण गेले म्हणजे मेले नाहीत. नवरा जिवंत असलेल्या बाईला सौ. म्हणतात, तो शेजारी बसलेला असो की सुरतेत. आई शेवटच्या दिवसापर्यंत कपाळभर कुंकू लावत होती. आणि पुरुषांचं मात्र बरं आहे. बायको असो, मरो, पळून जावो, आपले कायमचे श्री.!

तुम्ही मला पत्र लिहिताना 'चि. सौ.' लिहायला आजवर एकदाही विसरला नाहीत. मग सख्ख्या बहिणीच्या वेळीच काय झालं? एक अक्षर आणि एक टिंब, एवढंच तर हवं होतं. येत्या दसऱ्याला दहा वर्षं होतील. त्याच्या आत सौ. कोरून घ्या.

तुमची,
साधना

*

घोडदरी, जि. नाशिक
२९ जून २००१

चि. सौ. साधनास (बघ, विसरलो नाही) सावळीराममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी अगदी तुमच्यावर गेली आहे. हे कौतुक नव्हतं.

इंदुरात बसून भिंगातून स्मारक बघणं सोपं असतं बाई. इथं रोज सकाळी बादली घेऊन जाणारा मी आहे. समितीनं मला 'मानद देखभाल प्रमुख' नेमलंय. मानद म्हणजे झाडू आपला, पाणी आपलं, कंबर आपली आणि फोटो समितीचा. सकाळी गेलो की आधी शेळ्या हाकलायच्या. त्यांना चौथऱ्यावरच बसायचं असतं, तिथं वारं चांगलं लागतं. मग कोणीतरी वाळत घातलेल्या कुरडया बाजूला करायच्या. आपल्याच गावच्या बाया. म्हटलं, अगं, मेलेल्यांचा तरी मान ठेवा. तर म्हणती, 'आमचीच माणसं हायेत ती, त्यांना काय हरकत नाय.'

मागच्या निवडणुकीत रातोरात कोणीतरी दगडावर पोस्टर चिकटवलं. 'यांना प्रचंड बहुमताने विजयी करा' आणि खाली बुडालेल्यांची नावं. दोन दिवस खरवडत होतो. रविवारी नाशिकहून मोटारी येतात, धरण बघायला. चौथऱ्यावर टेकून भेळ खातात. एकानं मला विचारलं, बाबा, हे कोणत्या देवाचं? मी म्हटलं, होडीत सतरा माणसं आणि वर झेंडूच्या बावीस गोण्या भरू देणाऱ्या देवाचं.

मयतांची नावं केवढी आहेत, पाहिलंस ना भिंगातून? बोटभर. आणि 'सौजन्य' म्हणून अध्यक्षांचं नाव तळहाताएवढं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, अध्यक्षच बुडाले. आम्हालाही कधीकधी वाटून बरं वाटतं. होडीत घालायची फुगीर जाकिटं सरकारनं पाठवली होती. ती पंचायतीच्या कपाटात सुखरूप आहेत, त्यांना पाण्याची भीती नाही. पुलाचा नारळ तीनदा फुटला. खोबरं खाल्लं, पूल राहिला. लोक अजून होडीनंच जातात.

आता तुझा मुद्दा. असं आहे, एक तर दगडावर कुसाच्या नावाआधी जागाच उरली नव्हती. शिवाय ज्या त्र्यंबकच्या पाथरवटानं कोरलं तो मागंच वारला, आणि दुसऱ्याचं अक्षर त्याला जुळणार नाही. शिवाय कोरीव मजकुरात बदल करायचा तर समितीचा ठराव लागतो. समिती दसऱ्याला बसते, चहा पिते आणि उठते.

तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नकोस. नाव आहे ना? नावानं माणूस ओळखता येतं. दिशाला गोड पापा.

सावळीराममामा

*

इंदूर,
२० जुलै २००१

ति. मामांस सा. न.

जागा नाही म्हणता? भिंगातून तर आईच्या नावाआधी चांगली चार बोटं जागा दिसते. इतकी, की कोणीतरी मुद्दाम सोडल्यासारखी. अध्यक्षांचं आणखी एक नाव बसेल तिथे.

पाथरवट वारला म्हणता. काल महेशला फोन केला होता. त्याने सांगितलं, 'परवाच आपल्याकडे जेवून गेला की, नवीन पाट्याला टाकी लावायला आला होता.' वारल्यानंतर माणूस इतकं व्यवस्थित जेवतो हे मला माहीत नव्हतं. मामींच्या हाताची चवच तशी आहे म्हणा.

आणि ठराव! झाडाचं पान हललं तरी समितीला शिव्या देणारे तुम्ही, आज समितीच्या ठरावाची वाट बघताय? मामा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तीन कारणं देण्यापेक्षा एकच धड दिलं असतं तर मी मानलं तरी असतं.

मला वाटतं, खरं कारण मला कळलं आहे. वडिलांचा राग. बहिणीला टाकून गेलेल्या माणसाच्या नावाचा सौ. तुम्हाला तिच्या माथी नको आहे. तो राग मला समजतो, मामा. मी नऊ वर्षांची होते तेव्हा ते गेले, आणि मी तेव्हापासून रागावलेलीच आहे. पण आईने तो राग केला नाही. तिने कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. तिचं तिने ठरवलं होतं, तुम्ही कशाला खोडताय?

आता ऐका. यांच्या दुकानाला सुरतेहून कापड येतं. त्या ओळखीतून मी वडिलांचा पत्ता काढला आहे. सुरगाण्याकडचे एक पुंजाराम म्हणून आहेत, ते वडिलांबरोबर एका खोलीत राहत होते आणि मागावर एकत्र कामाला होते. हे ऑगस्टमध्ये माल घ्यायला सुरतेला जाणार आहेत, मी बरोबर जाणार. वडिलांना शोधणार आणि दसऱ्याला स्मारकासमोर आणून उभं करणार. दरवर्षी मयतांच्या नातेवाइकांना शाल-नारळ देता ना? यंदा त्यांना द्या. मला त्यांच्या तोंडाकडे फक्त एकदा बघायचं आहे. ते आईचं नाव वाचतील, त्याआधीचा सौ. वाचतील, आणि मग मी विचारीन, हा तुमच्या नावाचा आहे, चालेल ना?

भांडणासाठी नाही जात. बावीस वर्षं झाली, मला बाप बघायचा आहे.

तुमची,
साधना

*

(पोस्टकार्ड)

घोडदरी, २७ जुलै २००१

चि. सौ. साधनास आशीर्वाद. सुरतेला जाऊ नकोस. श्रावण चालू आहे, प्रवास बरा नाही. तिकडं पाऊस लय आहे, साथी चालू आहेत असं पेपरात आलंय. जावईबापूंना एकटं जाऊ दे. सौ. चं मी बघतो, पाथरवटाशी आजच बोलतो (जिवंत आहे). तू फक्त जाऊ नकोस. दसऱ्याला ये, सगळं समोरासमोर बोलू. मामी पण जाऊ नको म्हणते.
सावळीराम

*

इंदूर,
३ सप्टेंबर २००१

मामा,

सुरतेला जाऊन आले. साथ वगैरे काही नव्हती. पुंजाराम भेटले. भला माणूस. चहा दिला, पाट पुसून बसायला दिला आणि विचारलं, 'बाई, तुम्ही आत्ता कशा?' मी म्हटलं, वडिलांना न्यायला आले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मी एक शर्ट घेऊन गेले होते. मापाचा अंदाज नव्हता, म्हणून जरा मोठाच घेतला होता. तो पिशवीतून काढून मांडीवर ठेवला होता मी, घडी मोडू नये म्हणून. तेव्हा पुंजाराम म्हणाले, 'वाल्मीक जाऊन बारा वर्षं झाली की. काविळीनं गेला. मीच कार्ड टाकलं होतं घोडदरीला, सावळीरामभाऊंच्या नावानं. मिळालं नाही का?'

मिळालं का, मामा?

तारीख त्यांच्या पक्की ध्यानात आहे, कारण त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली. एप्रिल एकोणनव्वदचा तिसरा आठवडा. माझं लग्न अकरा मे एकोणनव्वदला झालं. माझी पत्रिका मी जपून ठेवली आहे. त्यावर छापलंय, 'आमची कन्या चि. सौ. कां. साधना हिच्या विवाहास अगत्य येण्याचे करावे. आपला, वाल्मीक'. मेलेला माणूस अगत्याचं आमंत्रण देत होता! आणि लोक आले, जेवले, अहेर करून गेले. मी बापाच्या सुतकात हळद लावून घेतली. सासरच्यांनी विचारलं, मुलीचे वडील? तुम्ही म्हणालात, 'कामातून सवड नाही.' खरंच होतं म्हणा, त्यांना कायमची सवड मिळाली होती.

आता ती चार बोटं मोकळी जागा मला समजली. सौ. कोरावं तर खोटं, गं.भा. कोरावं तर चोरी उघडी. म्हणून काहीच नाही. फार हुशारीचं काम केलंत. आईला मात्र दोन वर्षं खोटं कुंकू लावत फिरवलंत. अख्खं गाव तिला हळदीकुंकवाला बोलवत होतं आणि घरात एक माणूस सगळं जाणून गप्प बसून होता. ती बिचारी रोज वाट बघत असेल, आज कार्ड येईल, उद्या माणूस येईल.

ती लिहायला-वाचायला शिकली असती तर तुमचं हे चाललं नसतं.

दसऱ्याला मी येत नाही.

साधना

*

घोडदरी,
१६ सप्टेंबर २००१

चि. सौ. साधनास,

तू मला नुसतं 'मामा' लिहिलंस. ति. गाळलंस. पत्र हातात घेऊन मी ओट्यावर तसाच बसलो. मामीनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, माझ्या नावाआधीचं अक्षर गेलं. तिला काही कळलं नाही. मग सगळं सांगितलं. बारा वर्षांनी पहिल्यांदा. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, भाकरी तेवढी पुढं सरकवते. एरवी मी शांततेसाठी तडफडत असतो, आता मिळाली.

कार्ड मिळालं होतं. सोबत पाठवतो आहे. असलं कार्ड घरात ठेवू नये म्हणतात, मी डब्यात दडवून ठेवलं होतं. तुझ्या बापाचं तेवढंच राहिलं होतं, तुझा हक्क आहे त्यावर.

आता माझं ऐक. मान्य कर असं म्हणत नाही.

तुझ्या लग्नाला सतरा दिवस होते. मांडवाचे बांबू दारात येऊन पडले होते. तेव्हा मी बोललो असतो तर लग्न वर्षभर पुढं गेलं असतं. तुझ्या सासरचे थांबले असते? जावईबापू थांबले असते, त्यांची आत्याबाई थांबली नसती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची पोरगी, त्यात हळदीच्या तोंडावर बाप गेला, पायगुण बघा म्हणत सगळे उठले असते. आणि कुसाला मांडवात मागं, भिंतीशी बसवलं असतं. जिनं एकटीनं फुलं खुडून तुला वाढवलं तिला तुझ्या डोक्यावर अक्षता टाकायची बंदी. मला ते बघायचं नव्हतं. म्हटलं, लग्न उरकू दे, मग सांगू.

मग लग्न झालं आणि सांगायला तोंड नव्हतं. आज सांगू, सणानंतर सांगू. तू पहिलटकरीण होऊन येशील तेव्हा सांगू, ते काही झालं नाही. बहिणीच्या हातातल्या बांगड्या फोडायला लावणारं वाक्य कसं उच्चारतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं अशी गेली, आणि मग खंडेनवमी आली.

तिला पाण्यातून काढलं तेव्हा बायांनी हिरवं पातळ नेसवलं, ओटी भरली, मळवट भरला. एकीनं माझ्यासमोर म्हटलं, 'भाग्याची गं, अहेव गेली.' नाकातोंडात पाणी जाऊन मेली आणि भाग्याची! मी उभा राहून ऐकलं. चितेवर खोटं चाललं, साधना. ते तासाभरात जळून गेलं. पण वर्षानं दगड आला आणि पाथरवटानं विचारलं, हिच्या आधी काय? तेव्हा माझा हात धजेना. दगडावर खोटं राहतं. म्हटलं, जागा सोड, मागनं सांगतो. नऊ वर्षं मी तिथं रोज पाणी ओततो आणि ती मोकळी जागा पुसतो. बाकीच्या दहा जणांवर नुसतं पाणी मारतो, खरं सांगायचं तर.

तुला जे म्हणायचं ते म्हण. मी तिला फसवलं. ती माझ्यावर विश्वास ठेवून वाट बघत राहिली आणि तशीच गेली. ते माझ्याच माथी आहे.

दगडावर काय कोरायचं ते तू सांग. गं.भा. म्हणालीस तर गं.भा. कोरतो, आणि गावानं विचारलं तर सगळं सांगतो.

सावळीराम

*

इंदूर,
३० सप्टेंबर २००१

ति. मामांस,
सा. न.

पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं, उत्तर द्यायचं नाही. कार्डही न बघता फडताळात टाकलं होतं. काल धोंड्याच्या महिन्याची आवराआवर करताना ते खाली पडलं. दिशाने उचलून आणलं आणि म्हणाली, 'आई, हे कार्ड उंदराने खाल्लंय.'

मामा, कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला आहे.

तुम्ही इतकी वर्षं ते कार्ड डब्यात ठेवलंत, कितीदा तरी वाचलं असेल, आणि हे तुमच्या डोक्यात आलं नाही? की तुम्हाला अक्षर येतं म्हणून तुम्ही फक्त अक्षरच वाचलंत? मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे तर शेळ्या वळणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मी सहा-सात वर्षांची असेन, आजीच्या भावाचं कार्ड आलं होतं. पोस्टमन अजून गल्लीच्या तोंडाशी होता. आईने लांबून त्याच्या हातातलं कार्ड पाहिलं आणि मोठ्याने रडायला लागली. कोण गेलं ते मागाहून वाचून कळलं, पण कोणीतरी गेलं हे तिने आधीच ओळखलं होतं. तिला एक अक्षर येत नव्हतं, मामा.

आणि सुरतेहून कार्ड टाकणारं आमचं दुसरं होतंच कोण?

मला एकच सांगा. ते कार्ड पोस्टमनच्या हातून कोणी घेतलं?

साधना

*

घोडदरी,
१२ ऑक्टोबर २००१

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

तिनंच घेतलं.

तुझं पत्र आल्यापासून तो दिवस मी रोज उलटासुलटा करून बघतोय. मी मळ्यात मोगऱ्याला पाणी देत होतो. कुसा बांधावरून आली. कार्ड कमरेला खोचलेलं. मला दिलं आणि म्हणाली, 'दादा, सुरतेचं हाय म्हणतो पोस्टमन. वाच बरं.' आणि खाली बसून कळ्या खुडायला लागली. माझ्याकडं बघितलं पण नाही.

मी वाचलं. मनात म्हटलं, सावळीराम, आता तोंड सांभाळ. आणि मोठ्या हुशारीनं म्हणालो, 'खुशाल हाय तो. लग्नाला यायचं जमत नाय म्हणतो.'

ती कळ्या खुडत राहिली. मग म्हणाली, 'बरं.' मग म्हणाली, 'वाचून झालं ना? फाडून टाक. घरात नको नेऊस.'

मला वाटलं, नवऱ्यावरचा राग आहे. मी म्हटलं, असू दे, पत्ता आहे त्यावर. आता कळतंय गं बाई, मयताचं कार्ड वाचलं की फाडायचं असतं, घरात न्यायचं नसतं, ते ती मला सांगत होती. माझ्यासारखा सातवी पास गाढव समोर उभा होता आणि ती अंगठेबहाद्दर त्याला सांभाळून घेत होती.

मग ती विहिरीवर गेली आणि इंजिनच्या पाण्याखाली डोक्यावरून बसली. लुगड्यासकट. घरी ओली आली. मामी ओरडली, 'अहो वन्सं, लग्नघर हाय, आजारी पडाल!' तर म्हणाली, 'ऊन लय होतं वहिनी.' एप्रिलचं ऊन, कोणाला खोटं वाटणार? काल मामीला हे विचारलं. अबोला सोडून बोलली. म्हणाली, त्या दिवशी वन्सं आरशासमोर बराच वेळ बसल्या होत्या. मी म्हटलं, पुरे की आता. तर हसल्या आणि नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं.

सुतकाची आंघोळ केली तिनं, साधना. माझ्यादेखत. आणि मग तुझ्या मांडवात सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. मला वाटायचं, मी तिला दोन वर्षं फसवतोय. आणि ती रोज सकाळी माझ्यासमोर कुंकू लावायची, दादाला वाटू दे आपल्याला काही माहीत नाही म्हणून. एका ओट्यावर बसून आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तर निदान एकदा बरोबर रडलो असतो. हे मला आता गिळता येत नाही.

तिला कोणी फसवलं नव्हतं. तिनं ठरवलं होतं. तुझं लग्न, तिची जागा आणि माझं तोंड, तिन्ही तिनं एका कुंकवात राखलं. मग वाल्मीक जिवंत होता का मेला होता, याचा त्या कुंकवाशी संबंधच काय? ते त्याच्या नावाचं राहिलंच नव्हतं.

मी तुला विचारलं होतं काय कोरू. तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. परवा पाथरवटाला त्र्यंबकहून आणला. अध्यक्षांचा माणूस आला, म्हणाला ठराव नाही. त्याला म्हटलं, मग तू पंचायतीतून एक जाकीट आण आणि मला अडवायला पाण्यात ये. गेला बिचारा. पाथरवट म्हणाला, काय कोरू? मी म्हटलं, सौ. कोर. तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं पुसायचा मला अधिकार नाही.

पहिली टाकी बसली. चौथऱ्यावर बसून पोरासारखा रडलो. नाशिकहून आलेली एक मोटारवाली बाई म्हणाली, आजोबा, पाणी देऊ का? म्हटलं, पाणी आमच्याकडं भरपूर आहे.

दसरा सव्वीस तारखेला आहे. येशील तर सडकेनं ये, वळसा पडला तरी चालेल. होडीनं येऊ नकोस. जावईबापूंसाठी मामीनं अनारसे केलेत. अक्षर जरा तिरकं आलंय आणि टिंब मोठं झालंय. पाथरवटाला मी हलवत होतो, त्याचा दोष नाही. तू ये आणि बघ, आणि मग हवं तेवढं बोल मला.

तुझा,
सावळीराममामा